पारख्याचं चाखणं

सुक्या मेव्याच्या गोदामात मी पोती उचलायचो आणि पारखी त्यातला माल पारखायचा. त्याला सगळे पारखीच म्हणत.

पोतं गुडघ्यांतून उचलायचं. कंबरेतून उचलणारा लवकर निकामी होतो. मी ते टेबलाशी उभं केलं की पारखी कोपरापर्यंत हात घालायचा. वर सगळेच चांगला माल ठेवतात, म्हणून तळातला जर्दाळू काढायचा, चावायचा, डोळे मिटायचा. "हा घाईत वाळवलाय. परत पाठव." गिळल्याशिवाय निकाल देत नसे. शेवटची चव घशात कळते, असं त्याचं म्हणणं. थुंकणाऱ्या पारख्यांना तो कामचुकार समजे.

छपरात काचेचा एक चौकोन होता. दुपारी त्यातून उजेड खाली उतरायचा आणि त्यात बारीक धूळ तरंगत राहायची. अंजिरांच्या वासाने हवा जड व्हायची. पारखी बसल्या बसल्या पेंगायचा आणि जागा झाला की सांगायचा, "आत्ता एका बागेत होतो. झाडांना पानंच नव्हती, नुसती फळं. सगळी फळं श्वास घेत होती."

"तुझ्या घोरण्याचा आवाज असेल तो," मी म्हणायचो.

मग त्याला सारखी तहान लागू लागली. पिवळे बेदाणे आणि काळ्या मनुका त्याला सारख्याच दिसू लागल्या, धुक्यामागे ठेवल्यासारख्या. डॉक्टरीणबाईंनी मधुमेह सांगितला. साखर अशीच राहिली तर डोळ्यांचं काही खरं नाही, असंही सांगितलं.

"सुका मेवा खाता का?" त्यांनी विचारलं.

"छे! एक दाणा नाही."

तो खोटं बोलत नव्हता. चाखणं हे त्याचं काम होतं. त्याला तो खाणं मानतच नव्हता.

गोळ्या सुरू झाल्या. चहातली साखर गेली, ताटातलं जेवण कमी झालं. रक्तातली साखर मात्र जागची हलेना. पारखी मनातून घाबरला. "डोळे गेले तर टेबलाशी मला कोण बसू देईल?" एवढंच एकदा माझ्याजवळ बोलला.

एके दिवशी तो डबा विसरला म्हणून त्याची बायको, आमच्या वहिनी, डबा घेऊन आल्या. आल्या त्या टेबलाशी त्याचं चाखणं बघतच राहिल्या. मग डब्याचं झाकण काढून त्याच्यासमोर ठेवलं. "आता जेवढं तोंडात टाकाल, तेवढंच आणखी यातही टाका."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत झाकणावर ढीग झाला.

"एवढं पोटात गेलं?"

"अगं, चाखलं."

"मग पोटाला तसं समजावून सांगा!"

मी तोंड फिरवून हसलो. "भावजी, हसताय काय? तुमच्या डोळ्यांदेखत चाललंय हे!"

तो ढीग पिशवीत भरून दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वाळताना फळातलं पाणी जातं, साखर राहते. मूठभर बेदाणे म्हणजे द्राक्षांचा घड झाला. घड खाल्लेला कळतो, मूठ कळत नाही." साफ बंदी केली नाही. जेवणासोबत एकदोन जर्दाळू चालतील, पण तेवढं ताटातलं दुसरं काही कमी करायचं. सोबत चार बदाम. पाकात घोळवलेलं काही नको. खाल्ल्यावर दोन तासांनी बोट टोचून साखर बघायची, म्हणजे आपल्याला काय सोसतं ते कळतं. गोळ्या आपल्या मनाने बदलायच्या नाहीत.

टेबलाशी मात्र त्याला थुंकायला शिकावं लागलं. पायाशी भांडं, हाताशी चूळ भरायला पाणी. पहिले काही दिवस जीभ ऐकेचना. घास सवयीने खाली उतरायचा आणि तो स्वतःवरच चिडायचा. मग तो फळ बोटांनी फाडून बघू लागला, हुंगू लागला. मनात शंका आली तरच दाताखाली धरायचा. मी जन्मभर ओझी वाहिली, पण हे काम जास्त जड होतं. पोतं कुणाला मोह घालत नाही.

साखर हळूहळू उतरली. धुकंही विरळ झालं. तपासणीत डोळ्यांचा पडदा चांगला निघाला, तरी दरवर्षी दाखवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पारख्याने एक बेदाणा उजेडात धरला आणि मला हाक मारली.

"ये, बघ. आतल्या शिरा दिसतायत."

मला काही दिसलं नाही. तो मात्र कितीतरी वेळ बघत होता, जणू त्या दाण्याच्या आत कुणीतरी दिवा घेऊन चाललं होतं. मग त्याने तो परत पोत्यात टाकला.

"पुढचं आण," म्हणाला.