निळ्या गाडीची चादर

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, गाडीला कांजिण्या आल्यात का?" आजोबा लगेच फोनसमोरून उठून गेले, म्हणून तेव्हा सांगता आलं नाही. आता ते दाढी करताहेत, तेवढ्यात लिहून टाकते.

आपली निळी गाडी अंगणात उघड्यावर असते. तुमच्या बाबांनी बजावलं होतं, "रंग गेला की गाडी विकायची." सोलापूरचं ऊन तर तुम्ही पाहिलंच आहे. आजोबांनी धास्तीने दोन कोऱ्या, फुलाफुलांच्या सोलापुरी चादरी आणल्या, एकमेकींना शिवल्या आणि गाडीला पांघरल्या.

मी म्हटलं, "अहो, आधी धुऊ द्या. खळ आहे त्यांत."

"धुतली की कोरी राहते का ती?"

शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "काका, गाडीला हीव भरलंय व्हय?"

"उन्हासाठी आहे ते."

"मग टोपी बी घाला की."

उन्हाळा छान गेला. पावसाळ्यात मात्र झड लागली. चादर चिंब भिजली, तरी आजोबा ती काढू देईनात. ऊन पडल्यावर उचलली, तर बिघडलेल्या लोणच्यासारखा वास आणि बॉनेटवर करडी लव. बुरशीला ओल लागते आणि खायला काहीतरी लागतं. ओल पावसाने दिली, जेवण खळीने. साबणाच्या पाण्याने लव निघाली, पण तिचं आम्ल रंगावरच्या चकचकीत थरात उतरलं होतं. चादर जिथे चिकटून बसली होती, तिथे चादरीवरची फुलं बॉनेटवर उठली, आणि मधेमधे ठिपके.

आजोबांनी पॉलिश घासून घासून हात दुखवून घेतले. ठिपके फिकटले, फुलं हलली नाहीत.

"त्याला सांगू नकोस हं," ते मला म्हणाले.

"कॅमेरा गाडीकडे तुम्हीच फिरवलात."

काल तुमच्या बाबांचा फोन आलाच. "बाबा, रंग गेला म्हणे?"

"गेला कुठे? आहे तिथेच आहे. वर जरा नक्षी आली आहे."

पलीकडे बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं. विकायचा विषय काही निघाला नाही.

चादर आता धुऊन कपाटात ठेवली आहे. उभ्या पत्र्यावर पाणी ठरलं नाही, म्हणून दारं वाचली. ती अजून निळी आहेत, आणि गाडी पहिल्याच किल्लीला सुरू होते.