नकाशातील कोऱ्या चौकटीबाबत

अर्जदार : प्रस्तुत मजकुराचा लेखक. वय पंचेचाळीसच्या पुढे. शिक्षण आठवी, अपूर्ण. धंदा अर्जलेखन. बैठक लोहारा तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली. राहणार सास्तूर.

गैरअर्जदार : अर्जदाराची एकुलती एक मुलगी. भूगोल विषयात एम. ए., विद्यापीठात पहिली, सुवर्णपदक. राहणार हल्ली पुणे.

घटनेची वेळ व स्थळ : गेल्या दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळ. गावातील शाळेचे पटांगण.

साक्षीदार : एक, निवृत्त मुख्याध्यापक. दोन, आमच्या जुन्या घराशेजारची म्हातारी. तीन, व्यासपीठावरील एक खुर्ची, जी गैरअर्जदारासाठी मांडली होती आणि जिच्यावर अर्जदारास बसावे लागले.

नावे मुद्दाम दिलेली नाहीत. गावातले ओळखतील, बाहेरच्यांना नावांचा काही उपयोग नाही.

हकीकत येणेप्रमाणे.

आमच्या गावात दर दिवाळीला पदवीधरांचा सत्कार होतो. पदवी घेऊन आलेल्या मुलामुलींना व्यासपीठावर बसवतात, फेटा बांधतात, शाल आणि नारळ देतात, आणि प्रत्येकाने आपल्या शिक्षणातल्या कोणत्या गोष्टीचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो ते दोन वाक्यांत सांगायचे, अशी रीत आहे. मूल हजर नसेल तर त्याच्या जागी आईने किंवा बापाने बसायचे आणि त्याच्या वतीने सांगायचे. माझी मुलगी येणार नाही, हे मला आदल्या दिवशी फोनवर समजले.

"बाबा, सुट्टी न्हाय मिळाली. तुमी बसा की माझ्या जागी."

"बसतो," मी म्हणालो.

"जेवला का?"

"जेवलो."

तिची आई गेल्यापासून आमचे फोन एवढेच असतात. आई असताना फोन तिच्याकडे असायचा आणि मला पलीकडून आलेली बातमी भाकरीसोबत मिळायची.

मी रात्री बसून दोन पाने भाषण लिहिले. माझ्या अक्षराबद्दल मी स्वतः काही बोलणे बरे नव्हे. पण तहसील कचेरीतले कारकून माझा अर्ज चष्मा न लावता वाचतात, हे तालुक्याला माहीत आहे. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, भाषण खिशात ठेवून मी वेळेआधी पटांगणात पोचलो. मांडव अजून बांधत होते. मी एका बाजूला उभा राहिलो. येणारे जाणारे "जयभीम" म्हणत, कोणी "रामराम" म्हणत, आणि मुलगी आली का हे विचारून पुढे जात.

व्यासपीठावर मला फेटा बांधला. फेटा तरुण डोक्याच्या मापाने गुंडाळून ठेवलेला होता, तो माझ्या कपाळावर उतरत राहिला. माझ्या एका बाजूला शेतकीची पदवी घेतलेला मुलगा, दुसऱ्या बाजूला परिचारिका झालेली मुलगी. दोघांच्या मध्ये मी म्हणजे लग्नाच्या फोटोत चुकून आलेला पाहुणा.

शेतकीचा मुलगा उभा राहिला. म्हणाला, "मला सगळ्यात जास्त अभिमान ह्याचा वाटतो की औंदा आमच्या आण्णांनी पहिल्यांदा माझं ऐकलं आन् सोयाबीन टोकून लावलं."

खाली बसलेला त्याचा बाप ओरडला, "उगवलं किती ते बी सांग की लेका."

पटांगण हसले. मुलगाही हसला. "उगवलं. पर आण्णा म्हन्तात पावसामुळं उगवलं."

परिचारिका झालेली मुलगी हळू बोलली. तिने पहिले बाळंतपण केले तेव्हा आत गेल्यापासून तिचे हात कापत होते आणि बाळाचे डोके दिसल्यावर कापायचे थांबले. तिला त्याचा अभिमान वाटत होता. तिची आई पदराने डोळे पुसत होती आणि शेजारणीला कोपराने ढकलत होती, ऐकलंस का म्हणून.

मग माझे नाव पुकारले. मी खिशातली पाने काढली. सूत्रसंचालन करणारा तरुण शिक्षक कानाशी येऊन म्हणाला, "काका, दोनच वाक्यं हां."

मी पाने परत खिशात ठेवली आणि म्हणालो, "माझ्या मुलीस विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले आहे. त्याचा मला अत्यंत अभिमान वाटतो."

टाळ्या पडल्या. शिक्षकाने माईक परत माझ्याकडे वळवला. "तुमाला न्हाय काका. तिला सगळ्यात जास्त कशाचा अभिमान वाटतो?"

मला ते माहीत नव्हते.

तालुक्यातल्या कोणत्याही माणसाच्या मनात काय खुपते हे मी त्याच्याकडून थोड्या वेळात काढून घेतो. तो माझा धंदा आहे. माईक तोंडासमोर होता आणि पटांगण वाट पाहत होते. तेव्हा पहिल्या रांगेतून निवृत्त मुख्याध्यापक उठले. म्हणाले, "मला सांगितलंय तिनं. नकाशाचा." आणि त्यांनी व्यासपीठाच्या कडेला टांगलेल्या फ्लेक्सवरची चादर ओढली.

तो तिने काढलेला, आमच्या जुन्या गावाचा नकाशा होता. भूकंपात पडलेल्या गावाचा.

इथे थोडी मागची हकीकत नमूद करणे भाग आहे. भूकंप झाला तेव्हा मी आठवीत होतो. पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना गावातल्या प्रत्येकाला मदतीसाठी अर्ज करायचा होता आणि लिहिता येणारी जाणती माणसे एकतर गेली होती किंवा त्यांचे हात चालत नव्हते. माझे अक्षर चांगले होते. मी मांडीवर पाट घेऊन बसलो. माणसे येत आणि पडलेल्या घराची चतुःसीमा सांगत, म्हणजे घराच्या चारी बाजूंना काय होते ते : पूर्वेस अमक्याची भिंत, पश्चिमेस बोळ, उत्तरेस आड, दक्षिणेस तमक्याचा गोठा. मी लिहीत गेलो. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा माझ्यासमोरची रांग संपलेली नव्हती, आणि पुढे ती लोहाऱ्याला कचेरीसमोर आली, एवढाच फरक. ज्याने अर्ध्या गावाच्या चतुःसीमा स्वतःच्या हाताने लिहिल्या, त्या माणसाला न विचारता त्याच्या पोटच्या मुलीने त्या गावाचा नकाशा काढावा, ही माझी तक्रार.

सत्कार संपताच लोक नकाशाभोवती जमले. नकाशावर प्रत्येक घराची चौकट होती आणि चौकटीत त्या घरात राहणाऱ्यांची नावे बारीक अक्षरात लिहिली होती. म्हातारी माणसे नाक टेकवून वाचत होती.

"ही आमची वसरी. हितं चूल हुती."

"तुमची चूल आतल्या अंगाला हुती, काय सांगतो."

"माज्या घरची चूल तुला म्हाईत का मला?"

"आरं, तुज्या आईच्या हातचं खाल्लंय म्या तिथं बसून. मला इचार."

दोघे भांडत राहिले आणि भांडताना एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून होते. शेतकीच्या मुलाने आपल्या आजोबांना उचलल्यासारखे करून वरची आळी दाखवली. गर्दीत मी शिरलो नाही. सर्व जेवायला गेल्यावर पुढे झालो आणि चूक शोधू लागलो. वरच्या आळीपासून सुरुवात केली. चूक सापडली नाही, हे खेदपूर्वक नमूद करतो. वेशीजवळचा आड बरोबर होता. विहाराचा ओटा बरोबर होता, त्याच्या पायऱ्यासुद्धा. मग ओट्याच्या अलीकडची चौकट आली. ती आमची होती.

आत काही लिहिलेले नव्हते. शेजारच्या चौकटींत नावे होती, समोरच्या होती. आमची कोरी.

मला वाटले छापताना राहिले असेल. तेवढ्यात आमच्या जुन्या घराशेजारची म्हातारी काठी टेकत आली. तिला मी लहानपणापासून काकी म्हणतो. ती म्हणाली, "काय बगतो? मोकळं हाय व्हय तुजं घर?"

"राहून गेलं असेल, काकी."

"राहून कशाचं. तुजी पोरगी आलती माज्याकडं उन्हाळ्यात. दोन दीस बसली. समद्यांची घरं मला सांगाय लावली. म्या तुजं बी सांगाय लागले, तर माज्या त्वांडावर हात ठिवला. म्हनली, आज्जी, ते नका सांगू. ते मी बाबाला इचारीन."

"विचारलं नाही तिनं मला."

"का?"

"अर्ज आला नाही."

काकीने माझ्याकडे बघितले. "कसला अर्ज रं?"

तिला ते सांगत बसलो नाही, पण वाचकांस सांगणे आवश्यक आहे. आमच्या घरात मुलगी लिहू लागली त्या वर्षापासून एक शिरस्ता होता. तिला काहीही हवे असेल तर तिने मला लेखी अर्ज करायचा. तिचे अक्षर सुधारावे, बोलण्यात शिस्त यावी, हा हेतू. तिचा पहिला अर्ज मला पाठ आहे : "बाबा यांस, मला लाल चप्पल पाहिजे, जुनीचा अंगठा तुटला आहे, तरी द्यावी ही विनंती." मी त्यावर शेरा मारला : मंजूर. ती तो कागद घेऊन आईकडे धावली. पुढे सहलीचा अर्ज, सायकलचा अर्ज, कॉलेजसाठी उमरग्याला राहू देण्याचा अर्ज. कधी मी "कारण स्पष्ट करावे" असा शेरा मारून परत पाठवी आणि ती रागाने पाय आपटत नवे कारण लिहून आणी. तिची आई म्हणायची, "तोंडानं इचारू द्या की लेकराला, का साहेबापुढं उभी हाय ती?" पण हसायची.

आई गेल्यानंतर अर्ज बंद झाले. मला वाटले, मुलगी मोठी झाली, तिला आता माझ्याकडून काही नको. तिला काय वाटले, ते मला माहीत नाही. एवढे मात्र खरे की उन्हाळ्यात ती महिनाभर घरी होती, रोज वही घेऊन गावात फिरायची, संध्याकाळी माझ्यासमोर बसून जेवायची, आणि मी रोज तिच्या हाताकडे पाहायचो की आज कागद येतो का. एकदा ती वहीचे पान उलटून म्हणाली, "बाबा..." मी मान वर केली. ती म्हणाली, "काही न्हाय. भाकरी देऊ का?"

मी भाकरी घेतली.

सत्काराच्या संध्याकाळी मी तिला फोन केला. समारंभ व्यवस्थित पार पडल्याचे कळवले. शाल, फेटा, नारळ मिळाल्याचे कळवले. लोकांनी नकाशा फार पाहिला, हेही सांगितले.

"तुमी बघितला?"

"पाहिला."

तिच्या मागे रहदारीचा आवाज येत होता. मग तिने विचारले, "कसा झालाय?"

"आड बरोबर आहे," मी म्हणालो.

"बरं. जेवला का?"

"जेवलो."

जेवलो नव्हतो. शाल घरातल्या तिच्या खुर्चीवर घडी करून ठेवली, फेटा खुंटीला. नारळ फोडला, पण एका माणसाच्या घरात नारळ संपत नाही. अर्धी वाटी अजून फडताळात आहे, वाळून तिचे खोबरे झाले आहे. रोज लिंबाखाली बसून मी दुसऱ्यांच्या हकीकती लिहितो, आणि संध्याकाळी घरी येऊन कुलूप काढताना आत कोणी आहे का म्हणून खोकतो. ती जुनी सवय आहे. तिचे कारण उरलेले नाही.

सबब, शिरस्ता मोडून, अर्ज न येताच, मी खालील माहिती सादर करतो.

आमच्या जुन्या घराची चतुःसीमा : पूर्वेस विहाराचा ओटा. पश्चिमेस काकीच्या घराची पाठभिंत. उत्तरेस बोळ, पावसाळ्यात पाणी वाहणारा. दक्षिणेस अंगण आणि त्यात एक शेवगा.

चतुःसीमेत घराच्या आत काय होते ते लिहिण्याची रीत नाही. शेडमध्ये वडिलांनी मला आमच्या घराच्या चारी बाजू सांगितल्या, मी लिहिल्या, त्यांनी अंगठा उठवला. आतले त्यांनीही सांगितले नाही. ते त्या रात्री रानात राखणीला होते आणि मी गणपतीची मिरवणूक पाहून शाळेच्या पडवीत मित्रांसोबत झोपलो होतो, म्हणून आम्ही दोघे उरलो. आत माझी आई होती. ती चुलीच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून झोपायची. तिच्या कुशीत माझी धाकटी बहीण. बहिणीला नीट बोलता येत नव्हते. ती मला नावाने हाक न मारता "ए वही" म्हणायची, कारण मी सारखा वही घेऊन बसायचो. ही गोष्ट मी तुझ्या आईलाही सांगितलेली नव्हती.

तरी गैरअर्जदारास विनंती की, सदर चौकटीत चार नावे भरावीत : वडील, आई, बहीण, आणि बारीक अक्षरात मी. बहिणीचे नाव तुला ठाऊक नाही. ते कागदावर देता येणार नाही. तोंडी सांगावे लागेल.

याकरिता गैरअर्जदाराने समक्ष हजर राहावे. टपालाने अथवा फोनने दिलेले उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही. येण्यास अडचण असल्यास कारण स्पष्ट करण्याची गरज नाही, फक्त केव्हा येणार ते कळवावे.

सोबत जोडले आहे : शाल एक, फेटा एक. नारळाची वाटी उपलब्ध असेपर्यंत.

अर्जदार