विलासने काढून टाकलेले व्हिडिओ

विलास गेल्याचं मला उशिरा कळलं. वकिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा आवाज मी बंदच ठेवते. सकाळी वडखळच्या एका पक्षकाराचा फोन आला, "मॅडम, आपले विलास वकील..." एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ग्रुप उघडला तर विलासचा फोटो, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. झोपेतच त्याचं हृदय थांबलं होतं. मी पेणहून रोह्याला पोचले तोवर त्याला नेलंही होतं.

आमची पेणला कोर्टाजवळ भागीदारीत कचेरी. मी वयाने मोठी, पुस्तकांत रमणारी, विलास माणसांत. रोज रोह्याहून मोटारसायकलने यायचा आणि नागोठण्याला चहाला थांबला की एखादा पक्षकार तिथेच भेटायचा. दुपारच्या सुट्टीत कचेरीच्या मागच्या पायरीवर उभा राहून तो फोनवर लहान लहान व्हिडिओ करायचा. वारसनोंद कशी करायची, नोटीस आली तर काय करायचं, असले विषय. बोलायचा अगदी घरच्यासारखं. "गो बायांनो, भाऊ सांगतो म्हणून हक्कसोडपत्रावर अंगठा देऊ नका. आधी कुणाकडून तरी वाचून घ्या." कचेरीचं नाव कुठे घालत नसे. तरी गावोगावच्या बायका फोन हातात धरून विचारत यायच्या, "ते व्हिडिओवाले वकील हितंच बसतात ना?"

दोन वर्षांपूर्वी रोह्याला वकिलांची परिषद भरली. एक व्याख्यान वकिलांनी सोशल मीडिया कसा वापरावा यावर होतं. वकिलाने कायद्यावर काही टाकणं ही जाहिरात ठरू शकते, तक्रार झाली तर वकिलीच्या सनदेवर येतं, असं वक्ते बजावत होते. ते खाली बसतात न बसतात तोच संयोजकांनी माईकवर सांगितलं की सगळ्यांनी बॅनरपाशी फोटो काढून ग्रुपवर टाकावेत. विलास माझ्या कानाशी पुटपुटला, "ताई, आपण टाकलं तर जाहिरात, यांनी टाकलं तर अहवाल!" मला हसू आलं, पण परत येताना गाडीत माझ्या डोक्यात सनदच होती. आठवडाभर बसून मी कचेरीसाठी नियम लिहिले. पक्षकारांविषयी काही टाकायचं नाही, कोर्टाच्या आवारात फोटो नाही, कायद्यावर व्हिडिओ नाही. छापून त्याच्यासमोर ठेवले.

त्याने सावकाश वाचले. मग म्हणाला, "आधीचे हायत त्यांचं काय?"

मी म्हटलं, "सगळंच काढलेलं बरं."

"बरं," म्हणाला, सही केली, आणि समोरच्या खुर्चीत बसून एकेक काढत गेला. मध्येच एखादा लावून स्वतःशी हसत होता... मी मान खाली घालून दावा तपासत होते. कुठलाही नियम मागच्या तारखेपासून लागू होत नाही, हा युक्तिवाद आम्ही दोघांनी कोर्टात कितीदा केला असेल. त्या दुपारी तो दोघांपैकी एकालाही सुचला नाही. त्याला सुचलाही असेल. मला दुखवायचं नसेल.

बाराव्यानंतर विलासच्या बायकोने, वहिनींनी, मला आतल्या खोलीत बोलावलं. "ताई, ह्यांचा आवाज हाय का तुमच्याकडं? लग्नाच्या सीडीत नुसती गाणी हायत. ते निरोप काय पाठवायचे नाहीत, फोनच करायचे." मी नाही म्हटलं. का नाही, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमचं कायद्यानं बरोबरच आसंल." याहून त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या पंधरवड्यात रोह्याकडच्या एका वाडीवरून जनीबाई आल्या. मजुरी करतात, वडिलांच्या जागेवर नाव लावायचं होतं. विलासची रिकामी खुर्ची बघून म्हणाल्या, "आमचे वकील नाय आले?" मी सांगितलं. त्या बाकावर टेकल्या. मग पिशवीतून फोन काढला. "हे बघा. त्यांनीच सांगितलेलं. भावजयीनं धाडला व्हता."

कुणी कुणाला पाठवत पाठवत तो व्हिडिओ वाडीपर्यंत पोचला होता. चित्र अंधुक, पण आवाज स्वच्छ. विलास पायरीवर उभा, हक्कसोडपत्राचं सांगतोय, आता एक गमतीची गोष्ट सांगतो म्हणतोय... आणि मागून बाईचा त्रासिक आवाज येतो. "विलास, पुरे आता. पक्षकार खोळंबलेत." तो मागे बघतो, ओशाळं हसतो, "आलो, ताई," म्हणतो. व्हिडिओ तिथेच संपतो.

जनीबाईंकडून तो मागून घेतला आणि आमचा नियम मोडून वहिनींना पाठवला. सोबत लिहिलं की शेवटचा माझा आवाज कापून घेता येईल, कुणाकडून तरी करून देते. उत्तराला त्यांचा फोनच आला. "नका कापू. तुमच्यानंतरच तर ते 'आलो' म्हणतात."

परवा रोह्याला गेले होते. वहिनी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या, फोन डब्यांच्या फळीवर टेकवलेला. मी चपला काढत होते. आतून विलासचा आवाज आला, मग माझा, मग परत त्याचा. संपला की वहिनी पहिल्यापासून लावत होत्या. मला आत जाववेना. रोज तिन्हीसांजेला त्या हा लावतात म्हणे. आणि रोज तिथे विलास काहीतरी गमतीचं सांगायला लागतो, आणि मी त्याला पुरे म्हणते.