रिकाम्या पाण्याला खाऊ

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आष्टीच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होतो. जालन्यात पोहोचलो तर पुढच्या खोलीत माणसं बसलेली आणि कोपऱ्यात अण्णांच्या मासेटाकीचा पंप बुडबुडे सोडत होता. कुणीतरी म्हणालं, "ते बंद करा आता." काकू म्हणाली, "राहू द्या. मासे मरतील."

अण्णा माझे थोरले चुलते. शिक्षण सातवी, एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपुढं नोकरी. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. धावड्याहून, आमच्या गावाहून, जालन्यात शिकायला मला त्यांनीच आणलं. दिवसभर आगीपुढं उभ्या राहणाऱ्या या माणसाला एकदा पाण्याची हौस आली. काचेची टाकी आणली, भरली आणि त्याच संध्याकाळी चार गप्पी मासे सोडले. चौथ्या दिवशी चारही उलटे तरंगत होते. अण्णा काचेला नाक लावून बसले... "पाणी तर नितळ दिसून राह्यलंय. तू सायन्सचा ना? मंग सांग, मेले कशानं?"

नायट्रोजन चक्राची आकृती मी परीक्षेत बाणांसकट काढली होती, पण ते चक्र आमच्या खोलीच्या कोपऱ्यातही फिरावं लागतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. कॉलेजात सरांना विचारलं आणि मग अण्णांना सांगितलं. माशांच्या घाणीतून विष तयार होतं. ते पचवणारे जंतू फिल्टरच्या स्पंजात वाढायला महिना-सव्वा महिना लागतो. तोवर मासे सोडायचे नाहीत, नुसता चिमूटभर खाऊ टाकायचा; तो कुजला की त्यावर जंतू पोसतात.

अण्णांनी बराबर तसंच केलं. ड्यूटीवरून आले की रिकाम्या पाण्याला खाऊ. शेजारी हसायचे, "काय अण्णा, पाणी पाळलं का?"

"हां. माणसाळून राह्यलंय."

पुढं सोडलेले मासे जगले, त्यांना पिल्लं झाली, आणि अण्णांचे प्रश्न सुरू झाले. मासा झोपतो का? त्याला आपण दिसतो का? निम्म्यांची उत्तरं मला आजही येत नाहीत. पण पुस्तकातलं घरात शोधायची सवय मला त्या टाकीनं लावली.

दहाव्या दिवशी सुतक फिटलं, घर धुवायला काढलं. मागच्या दारी आत्याच्या हातात तो काळा, बुळबुळीत स्पंज आणि पुढ्यात साबणाची बादली. "आत्या, थांब!" मी ओरडलोच.

"अरे, किती घाण हाय ही!"

"घाण न्हाई... अण्णांनी पाळलंय ते."

आत्यानं साबणाची बादली बाजूला सारली. काकूनं कात्री आणली. अर्धा स्पंज तिच्या टाकीत परत गेला, अर्धा त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून मी आष्टीला आणला.

माझी टाकी लहान आहे. स्पंजात जंतू आधीच होते म्हणून दोनच आठवडे रिकाम्या पाण्याला खाऊ घातला, मग चार गप्पी सोडले. चौथ्या दिवशी सकाळी टाकीकडं आधी दारातूनच पाहिलं. आज पाचवा दिवस. चारही वर येऊन तोंड उघडतायत. काकूला फोन केला.

"नीट मोजलेस ना?" ती म्हणाली.

मी परत मोजले.