दत्तप्रसादची भट्टी आणि माझे सल्ले

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून मी लोकांना सल्ले देतो. ते कुणी मागितलेले नसतात.

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत तळमजल्यावर दत्तप्रसाद राहतो. मूळचा खामगावकडचा. भोसरीच्या एका कारखान्यात पोलाद तापवून त्याला पाणी देणाऱ्या भट्टीवर तो एकोणीस वर्षं होता. मग तिथं नवी यंत्रं आली आणि तो घरी बसला. चार महिने कुणाशी धड बोलला नाही. एके सकाळी पार्किंगमध्ये त्यानं मला गाठलं.

"काका, पिझ्झाचं दुकान टाकतोय. लाकडावरची भट्टी, मीच बांधणार."

"अरे, आळंदी रस्त्याला पिझ्झा कोण खाणार? मिसळ काढ. आणि भट्टी कसली बांधतोस? ओव्हन विकत मिळतात."

त्यानं शांतपणे ऐकलं, "बरं काका" म्हणाला आणि विटा बघायला गेला.

दुकान उघडलं. टेबलं सहा, काउंटरवर त्याची बायको रुपाली. पहिल्याच दिवशी मी गेलो, चुका काढायला. जन्म नारायण पेठेतला. त्यासाठी आम्हाला आमंत्रण लागत नाही. पिझ्झा आला. कडेला काळे डाग.

"करपलाय!" मी आतपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं.

दत्तप्रसाद हात पुसत बाहेर आला. "करपला नाही काका. फुगतो तिथं डाग पडतो, भाकरीला पडतो तसा. खाऊन तर बघा."

लोक बघत होते, म्हणून मी काटा-सुरी घेतली. पहिल्याच घावाला एक ऑलिव्ह उडालं आणि शेजारच्या टेबलावरच्या कॉलेजच्या मुलीच्या ताटलीत पडलं. तिनं ते टिश्यूवर ठेवून परत दिलं. "काका, हातानं खा ना. सोपं पडतं."

हातानं खाल्ला. कडेला धुराचा वास, आत लुसलुशीत. विजयमालेनं, म्हणजे आमच्या हिनं, एक तुकडा घरी आणायला सांगितलं होतं. ते बोटं चाटताना आठवलं. निघताना दत्तप्रसादला म्हणालो, "मीठ किंचित कमी आहे." मीठ बरोबर होतं.

वर्षभरात रविवारी तिथं जागा मिळेनाशी झाली. बाहेर ताटकळणाऱ्यांना मी सांगू लागलो, "मीच म्हटलं त्याला, भट्टी स्वतः बांध." एकदा मागं वळलो तर दारात दत्तप्रसाद.

"हो, काकांनी बरंच सांगितलं होतं," तो म्हणाला. "या काका, आत या."

त्यानं मला भट्टीपुढे उभं केलं. आत विटा नारिंगी झाल्या होत्या.

"काटा नाही का उष्णतेचा?"

"लागत नाही. एकोणीस वर्षं तापल्या पोलादाचे रंगच बघितले." त्यानं एक पिझ्झा आत सरकवला, डोळे त्याच्यावरच ठेवून म्हणाला, "नोकरी गेली तेव्हा वाटलं होतं, आता या डोळ्यांचा काय उपयोग?"

धुराडं मला जरा तिरकं वाटत होतं. शब्द ओठांवर आले, पण मी गिळले आणि पिझ्झा फुगेपर्यंत त्याच्याशेजारी नुसता उभा राहिलो.

घरी हे सगळं विजयमालेला सांगितलं.

"काहीच बोलला नाहीत?" असं म्हणून तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.