कोरड्या वाळूचा परवाना

त्या प्रकरणात ना गुन्हा दाखल झाला, ना कुणाला अटक. तरी ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी हिंगोलीला पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना खबऱ्या आला.

"साहेब, कयाधू नदीच्या वाळूत एक म्हातारा मशीन फिरवून राहिला. वाजली की उकरतो."

त्या काळी धातू शोधणारं असलं यंत्र म्हणजे एक तर बॉम्बशोधक पथक, नाहीतर गुप्तधन. दोन्हींनी पोलिसाची झोप उडते. जमादाराने त्याला ठाण्यात आणलं, तर तो निघाला निवृत्त तलाठी. काखेत हैदराबादहून आणवलेलं यंत्र आणि हातात एक इंग्रजी कागद.

"काय शोधत होतात?"

"शोधत न्हाई साहेब, सराव करून राहिलो. पुढल्या आठवड्यात लेकीकडं परदेशी चाललो. मागल्या खेपेला मंडळीची बोरमाळ तिथं समुद्रावर हरवली. हा तिथला कोरड्या वाळूचा परवाना."

किनाऱ्यावर यंत्र फिरवायलाही परवाना लागतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. गडी मात्र रंगात आला.

"सातबाराच समजा. कोरडी वाळू नगरपालिकेची. भरतीचं पाणी येतं ती ओली वाळू दुसऱ्या खात्याची, तिचा परवाना अलग. खड्डा केला तर बुजवायचा. जुनं काही घावलं तर दाखवायचं. बिगर परवाना फिरलं की मशीन जप्त. आन् दर देशाचा कायदा अलग. कुठं कुठं तर मशीन न्यायलाच बंदी!"

मी चक्रावलो. त्याच्यावर कलम कोणतं लावायचं? तहसीलला फोन केला, तर म्हणाले, वाळूउपसा असेल तर आमचं, नाहीतर तुमचं. वरिष्ठ म्हणाले, तुम्हीच बघा. गुन्हा नोंदवला तर त्याचं परदेशी जाणं बोंबललं. सोडला आणि उद्या काही भलतंच निघालं तर माझी धडगत नाही.

खातरजमेसाठी त्याच्या पत्नीला बोलावलं. जबाब नेहमी वेगवेगळे घ्यावेत, म्हणून बाईंना दुसऱ्या खोलीत बसवलं.

"पाय भिजवाया लाटंत गेले, तिथंच गळून पडली," त्या म्हणाल्या.

म्हणजे माळ पडली ओल्या वाळूत आणि नवऱ्याने परवाना घेतला कोरड्या वाळूचा! तलाठी एक वेळ स्वतःचं नाव विसरेल, पण हद्द चुकणार नाही. मी जरा आवाज चढवला, तशा बाई रडायलाच लागल्या.

"माळ हरवलीच न्हाई साहेब. लेकीला देऊन आले. जावई घर सोडून गेलाय. स्थळ ह्यायनीच पाहिलं व्हतं. कळलं तर सोताला दोष देत बसतील. तुमीच थांबवा त्यायला, पर हे सांगू नका."

मी परत तलाठ्याकडे आलो. "ओल्यात पडलेली वस्तू कोरड्यात शोधणार होय?"

त्याने परवान्याची घडी घालून खिशात ठेवली.

"शोधायचंच न्हाई, मंग ओल्याचा परवाना कशाला मागू? महिनाभर ऱ्हायलो तिथं. जावई कामासाठी बाहेरगावी गेलाय म्हणत व्हत्या मायलेकी. त्याचे कामाचे बूट तर दारातच व्हते, एकदाबी हलले न्हाईत. माळ लेकीकडंच हाय, ठाव हाय मला."

"मग हा सगळा खटाटोप?"

"लेक म्हणते, बाबा, इतक्या लांब येऊ नका. उगंच गेलो तर तिला कळंल, मला समजलंय म्हणून. माळ शोधायचं निमित्त केलं तर चार दिवस तिच्याजवळ ऱ्हाता येईल. मंडळीला बी खरं वाटावं, म्हणून नदीवर जाऊन राहिलो. घरी सांगू नका साहेब."

दोन खोल्यांत दोघं जण आणि दोघांचं मागणं एकच, दुसऱ्याला सांगू नका. जन्मभर मी लोकांना बोलतं केलं. खरं बाहेर आलं की आपलं काम संपलं, असं समजत होतो. त्या दिवशी खरं हाती आलं आणि त्याचं करायचं काय हेच मला कळेना. खरं सांगायचं तर आजही नीट कळलेलं नाही.

ठाण्याच्या दैनंदिनीत 'संशयास्पद काही नाही' अशी नोंद केली आणि यंत्र परत दिलं. बाई पायऱ्या उतरत होत्या, तेव्हा एवढंच म्हणालो, "त्यांना थांबवू नका. तुम्हीही बरोबर जा."

"काहून?"

माझी नजर फाटकाशी यंत्र घेऊन उभ्या तलाठ्याकडे गेली. त्यांनीही तिकडे पाहिलं.

"त्यायला ठाव हाय, व्हय?"

मी मान खाली घातली. बाईंनी पदराने डोळे पुसले.

"मंग मी बी जाते," त्या म्हणाल्या. "डिंकाचे लाडू करून नेते. लेकरू वाळलं असंल माझं."