कापूर लागलेली पेटी

गुणवंतरावांना वाघाची भीती वाटत नसे. धानोऱ्याला जंगल खात्यात सतरा वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला ती वाटून चालतही नाही. पटकीच्या साथीत ज्या गावातून लोक जीव घेऊन पळत होते, त्या गावात हा गृहस्थ धोतर खोचून, डोक्यावर लाकडी पेटी घेऊन चालत शिरला होता. पण १९५३ च्या उन्हाळ्यात चांद्याहून टपालाने एक कागद आला आणि तो वाचता वाचता या माणसाचा पुढ्यातला घास तसाच राहिला.

कागद होमिओपॅथी चिकित्सक मंडळाचा होता. गुणवंतराव या मंडळाचे जुने सभासद. डॉक्टरकीची त्यांची सुरुवात मोठी गमतीची. बदली झालेला एक बंगाली रेंजर जाताना आपली औषधांची पेटी आणि एक जाडजूड हिंदी पुस्तक या कारकुनाच्या गळ्यात घालून गेला. पुस्तकाची पारायणं झाली, साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या वाटता वाटता नोकरी संपली आणि लोक ‘डाक्तरभाऊ’ म्हणायला लागले. मंडळ वर्षातून दोनदा कलकत्त्याहून औषधं मागवून सभासदांना पार्सल पाठवी. त्याहून जास्त संबंध आजवर आला नव्हता.

आता मंडळाने लिहिलं होतं, सरकारचा कायदा झाला आहे. पदवी नसली तरी अनुभव असणाऱ्यांची नावं सरकारी यादीत चढतील, त्यांची शिफारस मंडळ करील. तपासणीसाठी मागल्या पाच वर्षांची रुग्णवही घेऊन यावं. ज्याचं नाव चढणार नाही त्याने औषध दिल्यास खटला होईल.

“काऊन जी, जेवत नाई?” बायकोने, वच्छलाबाईंनी, विचारलं.

“भूक नाई,” ते म्हणाले.

भूक कशी लागणार? वहीत त्रेसष्टावं पान होतं.

दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. पटकीच्या पहिल्या जुलाबाला त्यांच्या पुस्तकात कापराचा अर्क सांगितला होता. पण हा कापूर मोठा दुष्ट. त्याच्या नुसत्या वासाने बाकीची सगळी औषधं मरतात, म्हणून त्याची बाटली पेटीत कधीही ठेवायची नाही, असं त्याच पुस्तकात तीन ठिकाणी ठळक छापलेलं. गुणवंतराव ती वेगळ्या थैलीत, कमरेला बांधून नेत. त्या दिवशी नाला छातीपर्यंत चढला होता. थैली भिजेल म्हणून त्यांनी बाटली पेटीत टाकली आणि पेटी डोक्यावर घेतली. पैलतीरावर पेटी उघडली, तर आरती झालेल्या देवळात शिरल्यासारखा वास आला. बाटलीचं बूच निघालं होतं.

अठ्ठेचाळीस बाटल्या मेल्या. नवं पार्सल दिवाळीआधी येणं शक्य नव्हतं, रस्तेच बंद होते. आणि दारात तर रोज माणसं उभी. गुणवंतरावांनी कोणालाच काही सांगितलं नाही. चार महिने त्यांनी तीच मेलेली औषधं दिली. कारकुनाची जात मात्र गेली नाही. वहीत त्यांनी नीट लिहून ठेवलं: ‘पेटीस कापूर लागला. सर्व औषधे निकामी. नवीन येईपर्यंत हीच देणे भाग आहे.’

त्याच चार महिन्यांत, पाऊस ओसरल्यावर, पोचूची बायको तापाने आजारी पडली. पोचू दोन कोसांवरच्या टोल्यातला, म्हणजे पाड्यावरचा, गुणवंतरावांवर देवासारखा विश्वास टाकणारा. पाचव्या दिवशी त्याने गाडी जुंपली होती आणि विचारलं होतं, “भाऊ, गडचिरोलीच्या दवाखान्यात नेऊ का?” गुणवंतरावांना वाटलं, तिथला डॉक्टर काय दिलं म्हणून विचारील, गोळ्या पाहून हसेल, सगळं बाहेर पडेल. ते म्हणाले, “नको नेऊस. गोळी लागू पडून राह्यली.” नवव्या दिवशी ती गेली. पोचूने त्यांना कधी शब्दाने दोष दिला नाही, उलट दरवर्षी मोहाची पहिली टोपली आणून देत राहिला. ती टोपली घरात आली की गुणवंतराव मागच्या दाराने बाहेर निघून जात.

ते पान फाडावं म्हणून त्यांनी चारदा वही उघडली. पण प्रत्येक पानावर त्यांच्याच हाताने आकडा घातलेला. आकडा घातलेलं पान फाडणं हा सतरा वर्षं त्यांच्या लेखी गुन्हा होता. हात पुढे जाईचना. शेवटी वही तशीच फडक्यात बांधून ते निघाले. डोंग्यातून वैनगंगा ओलांडताना वही पाण्यात टाकावी असंही एकदा मनात येऊन गेलं. शेवटी ती काखेत आवळूनच ते चांद्याला पोचले.

मंडळाची खोली एका कापडदुकानाच्या माडीवर. वीसेक जण आपापल्या वह्या मांडीवर घेऊन सतरंजीवर बसलेले, परीक्षेच्या दिवशीची पोरं बसतात तसे. समोर मंडळाचे अध्यक्ष उमाजीबापू. चाळीस वर्षांचा अनुभव, पांढऱ्या मिशा, काळा कोट. एकेकाची वही चाळत आणि कोऱ्या चेहऱ्याने शिक्का मारत.

गुणवंतरावांची वही त्यांनी भरभर उलटली. त्रेसष्टाव्या पानावर बोट थांबलं. गुणवंतरावांना वाटलं, आता हे उठून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार.

उमाजीबापूंनी आवाज खाली आणला. “हे चार महिने हेच औषध देल्लं?”

“हो.”

“मंग बरे किती झाले?”

या प्रश्नाची गुणवंतरावांनी तयारी केली नव्हती. खोटं बोलणं त्यांना जमलंच नाही. “नेहमीएवढेच झाले, बापू.”

उमाजीबापू त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी खोलीभर बसलेल्या माणसांवरून नजर फिरवली, आणि गुणवंतरावांच्या डोळ्यांदेखत ते पान वहीतून फाडलं. घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मग कोटावरून हात फिरवून ते आत असल्याची दोनदा खात्री केली.

“पानावर आकडा हाय, बापू,” गुणवंतराव कसेबसे म्हणाले.

“धानोऱ्यात वाळवी नाई का? खाल्लं म्हणा तिनं.” शिक्का मारून त्यांनी वही परत सरकवली. “हे पान वरच्या साहेबाच्या हाती लागलं तर एकल्या तुमचं नाई, आमचं समद्यायचं नाव जाईन. मंडळ कायले असते? सभासदाले सांभाळाले. जा आता. आन् हा हिसाब पुन्हा करू नका.”

पण हिशोब होऊन गेला होता. परतीच्या वाटेवर तो त्यांच्या शेजारी बसून होता. मेलेल्या गोळ्यांनी जर नेहमीएवढीच माणसं बरी होत असतील, तर जिवंत गोळ्या काय करतात? आणि मग पोचूच्या बायकोला कापराने मारलं नाही. तिला ‘नको नेऊस’ या दोन शब्दांनी मारलं. दोन वर्षं ते बिचारे भलत्याच गोष्टीला भीत होते. ही नवी भीती त्या भीतीहून कितीतरी मोठी होती, आणि तिच्यावर शिक्का मारायला कोणी अध्यक्ष नव्हता.

महिन्याभराने सरकारी कागद आला. नाव यादीत चढलं होतं. वच्छलाबाईंनी कागदाला हळदकुंकू वाहिलं, काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी अंगणात पोचू आला. खांद्यावर नऊ वर्षांची लेक, मान टाकलेली.

“डाक्तरभाऊ, चार दिस झाले ताप उतरून नाई राह्यला. इच्या मायसारखाच हाय. गोळी द्या.”

गुणवंतरावांनी पोरीच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. पेटी शेजारीच होती. पोचूने सवयीने तळहात पुढे केला. भिंतीवरच्या कागदाने आता त्यांना पूर्ण हक्क दिला होता. त्यांनी पेटी मागे सरकवली.

“गोळी नाई,” ते म्हणाले. “आमच्या शेजाऱ्याची गाडी घे, बैल जुंप. गडचिरोलीले न्यायचं. मी संगं येतो.”

“दवाखान्यात?”

“हो. आत्ताच. तिथल्या डाक्तरशी मी बोलतो.”

पोचूचा पुढे केलेला हात तसाच राहिला. डोळ्यांत राग नव्हता, तो खरंच समजून घ्यायला पाहत होता.

“मंग इच्या मायच्या वक्ती काऊन नको म्हटलं, भाऊ?”